लोहाराकडे कधी जायचं?

भाच्याचा फोन आला तो थेट तक्रार घेऊनच. ‘‘मामा, माझे अकरा आर्चर होते, त्याचे आठच स्कर्मिशर. तरी माझेच सगळे मेले. असं कसं?’’ तो अकरावीत आहे, नाशिकला असतो आणि ‘एज ऑफ एम्पायर्स २’ ऑनलाइन खेळायला लागून त्याला जेमतेम सहा महिने झालेत. मी हाच खेळ कॉलेजच्या हॉस्टेलवर खोल्या-खोल्यांतून लॅनच्या वायरी ओढून खेळलोय. मूळ खेळ १९९९ चा. आता जो ऑनलाइन खेळला जातो ती त्याची २०१९ साली आलेली ‘डेफिनिटिव्ह एडिशन’. तर त्याच्याकडून सामन्याचं रेकॉर्डिंग मागवून घेतलं आणि रात्री जेवणं आटोपल्यावर पाहायला बसलो.

लढाईला तोंड फुटलं त्या क्षणी पोराकडे ३४० अन्न आणि १९० सोनं पडून होतं. १५० लाकूड घालून उभा केलेला ब्लॅकस्मिथ रिकामा होता. आतला लोहार सामनाभर हातावर हात ठेवून बसला होता. अकरा जण आठ जणांशी हरले ते तिथेच. का, ते आकड्यांनिशी सांगतो, कारण सैन्याच्या अपग्रेडवर पैसा कधी घालायचा या प्रश्नाचं जवळजवळ सगळं उत्तर या एका लढाईत सापडतं.

या खेळात मार मोजायची रीत अगदी सरळ आहे. मारणाऱ्याच्या हल्ल्याच्या आकड्यातून समोरच्याच्या चिलखताचा आकडा वजा करायचा. उरेल तेवढा जीव कमी होतो. वजाबाकी शून्यावर किंवा त्याखाली गेली तरी निदान १ जीव जातोच. चिलखत दोन जातींचं असतं, एक जवळून बसणाऱ्या घावासाठी आणि एक बाणांसाठी. काही सैनिकांना ठरावीक शत्रूवर जादा मार मिळतो, तो वर मिळवायचा. संपलं गणित.

आता भाच्याची लढाई. आर्चरचा हल्ला ४. स्कर्मिशरचं बाणाचं चिलखत ३, जीव ३०. म्हणजे एका बाणाने जाणार १ जीव आणि एक स्कर्मिशर आडवा करायला लागणार ३० बाण. ब्लॅकस्मिथमध्ये ‘फ्लेचिंग’ केलं की आर्चरचा हल्ला ५ होतो. आता वजाबाकी २, बाण १५. हल्ला वाढला एकानेच, पण काम बरोबर निम्म्यावर आलं. दुसऱ्या बाजूला स्कर्मिशरचा हल्ला २ आणि आर्चरवर जादा ३, मिळून ५. आर्चरचा जीव ३०, म्हणजे सहा भाल्यांत तो गेला.

आर्चर साधारण दर दोन सेकंदांनी बाण सोडतो, स्कर्मिशर दर तीन सेकंदांनी भाला फेकतो. नेम चुकणं तूर्त बाजूला ठेवू. एकट्या आर्चरला एक स्कर्मिशर पाडायला ६० सेकंद लागतात, फ्लेचिंगनंतर ३०. एकट्या स्कर्मिशरला आर्चर पाडायला १८ सेकंद पुरतात.

इथे फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश इंजिनिअरची आठवण काढायला हवी. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१६ साली आलेल्या ‘एअरक्राफ्ट इन वॉरफेअर’ या पुस्तकात त्याने लढाईचं एक गणित मांडलं. जिथे सगळेच सगळ्यांवर लांबून मारा करू शकतात, तिथे सैन्याची ताकद संख्येच्या वर्गाने वाढते. शस्त्राचा दर्जा मात्र एकदाच गुणला जातो. हे गणित आपल्या लढाईला लावा. अकराचा वर्ग १२१, त्याला ६० ने भागलं की सुमारे २. आठाचा वर्ग ६४, त्याला १८ ने भागलं की साडेतीनच्या थोडं वर. हरणार, यात शंका नाही. फ्लेचिंग असतं तर १२१ ला ३० ने भागायचं, आले ४. लढाई जिंकली असती आणि तीन-चार आर्चर जिवंतही राहिले असते.

आता खरा प्रश्न. फ्लेचिंगला १०० अन्न आणि ५० सोनं लागतं. त्या किमतीत साधारण दोन आर्चर येतात, कारण एका आर्चरला २५ लाकूड आणि ४५ सोनं पडतं. मग दोन आर्चर वाढवले असते तर? तेराचा वर्ग १६९, भागिले ६०, म्हणजे २.८. तरीही हार. नुसत्या संख्येवर ही लढाई जिंकायला पंधरा आर्चर लागले असते, म्हणजे चार जादा, म्हणजे १०० लाकूड आणि १८० सोनं. शिवाय फ्लेचिंगने बाणाचा पल्लाही एका घराने वाढतो, तो मी या हिशेबात धरलेलाच नाही.

पण म्हणून ‘फ्लेचिंग नेहमी आधी’ असा नियम बांधू नका. समोर स्कर्मिशरऐवजी आर्चरच असते तर? आर्चरला बाणाचं चिलखत नसतं. ४ च्या हल्ल्याला ८ बाण लागतात, ५ च्या हल्ल्याला ६. म्हणजे फायदा दुपटीचा नाही, तिसऱ्या हिश्श्याचा. वर्गाच्या गणिताने पाहिलं तर पाच-सहा आर्चर असताना दोन आर्चर वाढवणं जास्त मोलाचं ठरतं. साधारण तेरा-चौदा आर्चर झाले की पारडं फ्लेचिंगकडे झुकतं. पल्ला धरला तर त्याआधीच. स्कर्मिशरविरुद्ध हीच सीमा पाच आर्चरांवर येते. तोच लोहार, तीच किंमत, पण समोर कोण उभा आहे त्यावर उत्तर बदललं.

म्हणून अपग्रेडच्या बटणावर लिहिलेला ‘+१’ वाचून थांबू नका. समोरच्याला पाडायला आधी किती घाव लागत होते आणि आता किती लागतील, ते मोजा. घाव कमी झाले नाहीत तर त्या क्षणापुरतं ते अपग्रेड फुकट गेलं.

फुकट कसं जातं ते नाइटवर पाहा. नाइटचा हल्ला १०, जीव १००, चिलखत दोन्ही जातींचं २. शत्रूच्या व्हिलेजरने ‘लूम’ केलेलं असतं, म्हणजे त्याचा जीव २५ वरून ४० झालेला असतो आणि घावाचं चिलखत १. नाइटला पाच घाव लागतात. ‘फोर्जिंग’ केलं की हल्ला ११, वजाबाकी १०, बरोबर चार घाव. कामाचं अपग्रेड. त्यापुढचं ‘आयर्न कास्टिंग’ केलं की हल्ला १२, वजाबाकी ११, घाव पुन्हा चारच! २२० अन्न आणि १२० सोनं घालून व्हिलेजर एका घावानेही लवकर मरत नाही.

हाच नाइट क्रॉसबोवाल्यांवर सोडा. क्रॉसबोचा जीव ३५, घावाचं चिलखत शून्य. नुसत्या नाइटला चार घाव. फोर्जिंगनंतर ११ चे तीन घाव म्हणजे ३३, दोन जीव उरतोच, म्हणजे पुन्हा चार. आयर्न कास्टिंगनंतर मात्र १२ त्रिक ३६, तिसऱ्या घावाला काम तमाम. व्हिलेजरवर फोर्जिंग चाललं आणि आयर्न कास्टिंग वाया गेलं, क्रॉसबोवर बरोबर उलटं. आणि त्या क्रॉसबोवाल्याने ‘पॅडेड आर्चर आर्मर’ केलं असेल तर दोन्ही घेऊनही चारच घाव. शत्रूच्या सैनिकावर क्लिक केलं की त्याचा हल्ला आणि चिलखत खाली दिसतं. लढाईला भिडण्याआधी ही एक क्लिक करायची सवय लावून घ्या. नवे खेळाडू सगळ्यात जास्त चुकतात ते इथे. ते स्वतःचं सैन्य निरखत बसतात, समोरच्याचं बघतच नाहीत.

आता नाइटसमोर नाइट. दहातून दोन वजा, आठ. शंभर जीव संपवायला १३ घाव. तुम्ही फोर्जिंग केलंत तर १२. त्याऐवजी ‘स्केल बार्डिंग’, म्हणजे घोड्याचं चिलखत केलंत, तर तुम्हाला पाडायला शत्रूला १३ ऐवजी १५ घाव लागतात. दोन्हींची किंमत सारखीच, १५० अन्न. एकाने एक घाव वाचला, दुसऱ्याने दोन घावांचं आयुष्य वाढलं. शिवाय चिलखत बाणांपासूनही वाचवतं. फ्लेचिंग केलेल्या क्रॉसबोला नाइट पाडायला २५ बाण लागत असतील तर स्केल बार्डिंगनंतर ३४ लागतात. म्हणून घोडदळ खेळताना मी चिलखत आधी आणि तलवार नंतर घेतो. यात अपवाद एकच, शत्रूच्या व्हिलेजरांवर छापे घालणं हेच तुमचं मुख्य काम असेल तेव्हा फोर्जिंग आधी.

लँचेस्टरचं वर्गाचं गणित मात्र इथे तसंच्या तसं लावू नका. तलवारीने लढणारे सगळे एका वेळी सगळ्यांपर्यंत पोचत नाहीत. मागचे मागेच घुटमळतात. अशा लढाईत संख्या आणि दर्जा जवळजवळ सारख्याच वजनाने मोजतात, म्हणून अपग्रेडचा मोबदला लवकर मिळतो. क्रॉसबोविरुद्ध स्केल बार्डिंगने नाइटचं आयुष्य साधारण एक तृतीयांशाने वाढतं आणि त्याची किंमत एका नाइटपेक्षा थोडीच जास्त आहे. म्हणजे तीन-चार नाइट बाहेर पडले की ते घ्यायला हरकत नाही. नाइटविरुद्ध नाइट असेल तर सात-आठ नाइट होईपर्यंत थांबलात तरी चालतं.

आतापर्यंत मी अन्न, लाकूड आणि सोनं एकाच तराजूत घातलं. प्रत्यक्षात ती तीन वेगळी खाती आहेत. आर्चरला अन्न अजिबात लागत नाही. मग फ्लेचिंगचं १०० अन्न आर्चरांच्या वाट्यातून जात नाही, ते दोन व्हिलेजरांच्या वाट्यातून जातं. स्काउटचं उलट आहे. स्काउटला ८० अन्न लागतं आणि स्केल बार्डिंगला १५० अन्नच, म्हणजे एका ताटात दोघांचे हात. घोडदळ खेळणाऱ्याला प्रत्येक अपग्रेडचं मोल स्काउटांत मोजावंच लागतं. आर्चर खेळणाऱ्याने ते, व्हिलेजर जिथून निघतात त्या टाउन सेंटरच्या रांगेत मोजावं.

आणि ती रांग तुटू द्यायची नाही, हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा इशारा. व्हिलेजर तयार व्हायला ५० अन्न आणि २५ सेकंद लागतात. म्हणजे एक टाउन सेंटर अखंड चालू ठेवायला मिनिटाला १२० अन्न हवं, जे साधारण सहा शेतकरी पुरवतात. अपग्रेडसाठी हे अन्न वळवलंत आणि टाउन सेंटर ५० सेकंद रिकामं बसलं, तर ते दोन व्हिलेजर सामना संपेपर्यंत कमी पडतात. त्यांनी तोडलं असतं ते लाकूड, खणलं असतं ते सोनं, सगळंच गेलं. एक फ्लेचिंग लवकर मिळालं म्हणून त्याची भरपाई होत नाही. आधी पोटोबा, मग विठोबा. तलवारीला धार लावण्याआधी शेतात माणसं हवीत.

पोटोबाचीही अपग्रेड असतात आणि ती सैन्याच्या आधी घ्यायची. फ्यूडल एजमध्ये पाय टाकताच ‘डबल-बिट ॲक्स’ घ्या. १०० अन्न, ५० लाकूड आणि लाकूडतोड वीस टक्क्यांनी जलद. दहा जण लाकडावर असतील तर हे दोन जादा माणसांचं काम झालं, तेही टाउन सेंटरची रांग न अडवता. पाठोपाठ शेतीचं ‘हॉर्स कॉलर’, ७५ अन्न आणि ७५ लाकूड. यानंतर लोहार. शत्रू दाराशी येऊन मारामारी करत असेल तर हा क्रम मोडावा लागतो, पण मोडतोय हे कळून मोडा.

भाच्याची बाजू इथे सांगायला हवी. त्याने ते ३४० अन्न उगीच साठवलं नव्हतं. त्याला कासल एजला जायचं होतं आणि त्यासाठी ८०० अन्न आणि २०० सोनं लागतं. ‘‘फ्लेचिंग घेतलं असतं तर कासल एज लांबलं असतं,’’ असं तो म्हणाला, आणि त्यात तथ्य आहे. पण किती लांबलं असतं? त्याचे अठरा व्हिलेजर अन्नावर होते. एक शेतकरी मिनिटाला ढोबळमानाने २० अन्न आणतो. अठरा जण मिनिटाला साडेतीनशेच्या वर आणतात. शंभर अन्न म्हणजे सतरा सेकंद. सतरा सेकंद वाचवायला त्याने अकरा आर्चर घालवले, म्हणजे २७५ लाकूड आणि जवळजवळ ५०० सोनं. ‘पुढच्या एजसाठी साठवतोय’ हे कारण मनात आलं की आधी सेकंद मोजा. शंभर-दीडशेच्या अपग्रेडने पुढचं एज फार लांबत नाही. तीन-चार अपग्रेड एकदम घेतली की लांबतं.

पुढच्या एजच्या त्या वाटचालीतच अपग्रेडसाठी पैसा साठवण्याची सर्वांत चांगली संधी दडलेली आहे आणि ती फार जणांच्या लक्षात येत नाही. कासल एजचं बटण दाबलं की टाउन सेंटर १६० सेकंद त्याच कामात गुंतून राहतं. त्या काळात तिथून व्हिलेजर निघतच नाहीत. म्हणजे सेकंदाला २ या हिशेबाने सुमारे ३२० अन्न, जे एरवी व्हिलेजरांना गेलं असतं, ते तुमच्या हाती उरतं. आता कासल एजला पोचल्यावर आर्चर खेळणाऱ्याला लगेच काय हवं असतं? आर्चरांना क्रॉसबो करणं, १२५ अन्न आणि ७५ सोनं. आणि ब्लॅकस्मिथमधलं ‘बॉडकिन ॲरो’, २०० अन्न आणि १०० सोनं. अन्नाची बेरीज ३२५. ज्याने ही १६० सेकंदं नीट वापरली, त्याला कासल एजची घंटा वाजताच दोन्ही बटणं एका दमात दाबता येतात. पस्तीस सेकंदांत दोन्ही पूर्ण होतात. आर्चरचा हल्ला ४, जीव ३० आणि पल्ला ४ होता, तो बघता बघता हल्ला ५, जीव ३५ आणि पल्ला ५ होतो, वर बॉडकिनचा आणखी एकेक. नवीन सैनिक एकही न घेता. समोरचा अजून पहिल्या नाइटची वाट बघत असतो. फ्यूडलचं फ्लेचिंग मात्र या आधीच उरकलेलं असलं पाहिजे. ते झालं नसेल तर बॉडकिनचं बटणच मिळत नाही आणि लोहाराच्या भट्टीत एका वेळी एकच काम चालतं.

क्रॉसबोबद्दल एक बारीक गोष्ट. ते अपग्रेड ब्लॅकस्मिथमध्ये होत नाही, आर्चरी रेंजमध्ये होतं, आणि ते चालू असताना त्या रेंजमधून आर्चर निघत नाहीत. एकच रेंज असेल तर पस्तीस सेकंद उत्पादन ठप्प. म्हणून कासल एजला पोचेपर्यंत दोन रेंज असाव्यात, एकीत शिक्षण आणि दुसरीत भरती. ब्लॅकस्मिथचं तसं नाही, तो सैन्याच्या वाटेत येत नाही. शिवाय कासल एजला जायला फ्यूडलच्या दोन इमारती लागतात आणि ब्लॅकस्मिथ त्यांत मोजला जातो. म्हणजे तो बहुतेक वेळा बांधून तयार असतोच. लोक लोहाराला घर देतात आणि काम द्यायला विसरतात!

वेळेचा दुसरा भाग म्हणजे काम पूर्ण कधी होणार. फ्लेचिंगला ३० सेकंद लागतात, स्केल बार्डिंगला ४५, फोर्जिंगला ५०, आयर्न कास्टिंगला ७५. लढाई पेटल्यावर बटण दाबणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. दोन्ही बाजूंचे बाण सुटू लागले की साधारण वीस-तीस सेकंदांत निकाल लागतो. मी एक साधी शिस्त पाळतो. सैन्य घराबाहेर काढण्याआधी लोहाराकडे नजर टाकायची. काम अर्ध्यावर असेल तर सैन्याला स्वतःच्या लाकूडतोड्यांजवळ किंवा टाउन सेंटरच्या सावलीत थांबवायचं. पट्टी भरली की निघायचं. आणि वाटेत शत्रू अचानक समोर आला आणि अपग्रेडला वीस सेकंद उरली असतील, तर मागे फिरायचं. वीस सेकंद माघार घेतल्याने काही बिघडत नाही. अपूर्ण अपग्रेडवर भिडलात तर पैसाही गेला आणि माणसंही.

चुकून भलतंच बटण दाबलं गेलं तर घाबरू नका. काम पूर्ण होण्याआधी रद्द केलं की घातलेलं सगळं परत मिळतं. शत्रूने मध्येच पवित्रा बदलला, तुमच्या आर्चरांसमोर नाइट उभे केले, तर चालू असलेलं पॅडेड आर्मर रद्द करून तेच अन्न भालाइतांवर लावण्यात कमीपणा नाही.

पवित्रा बदलणं हा अपग्रेडचा मोठा शत्रू. आर्चरांवर फ्लेचिंग, बॉडकिन, क्रॉसबो, पॅडेड असा सगळा खर्च केला आणि मग मन बदलून नाइटकडे वळलात, तर घोड्यांचं चिलखत आणि तलवार पुन्हा पहिल्यापासून. म्हणून कासल एजमध्ये एकच ओळ पकडा आणि तिच्यावरच खर्च करा. दुसरी ओळ लागलीच तर अशी निवडा की जिला पहिलीचाच खर्च लागू पडेल. फ्लेचिंग आणि बॉडकिन स्कर्मिशरनाही लागू होतात, टाउन सेंटर, मनोरे आणि किल्ल्यांच्या बाणांनाही. फोर्जिंग पायदळ आणि घोडदळ दोघांना चालतं, चिलखत मात्र दोघांचं वेगळं. आर्चर आणि स्कर्मिशरची जोडी स्वस्तात पडते. आर्चर आणि नाइट ही जोडी दिसायला देखणी आहे, पण लोहाराचं बिल दुप्पट होतं.

संस्कृती कोणती घेतलीत त्यावरही हिशेब हलतो. मॅग्यारांना फोर्जिंग, आयर्न कास्टिंग आणि ब्लास्ट फर्नेस फुकट मिळतात, त्यांनी पहिला पैसा सरळ चिलखतावर घालावा. स्पॅनिशांना ब्लॅकस्मिथमध्ये सोनं लागत नाही. बल्गेरियनांना तिथे अन्न निम्मंच पडतं. फ्रँकांच्या घोडेस्वारांना फ्यूडलपासूनच वीस टक्के जीव जादा असतो, पण घोडेस्वारांचा जीव वाढवणारं ‘ब्लडलाइन्स’ हे अपग्रेड नसतं. एप्रिल २०२२ मध्ये ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’ हा विस्तार आल्यापासून आपल्याकडची बरीच मुलं हौसेने गुर्जर, द्रविड, बंगाली किंवा हिंदुस्तानी घेतात. मला त्याचा आनंदच आहे. पण त्यांनी ध्यानात ठेवावं की या चारही संस्कृतींत नाइट नाहीत, वर नाइटचे जे आकडे दिले ते उंट आणि हत्तींना जसेच्या तसे लागू नाहीत. मोजायची रीत मात्र तीच. आणि खेळात सुधारणा येत असतात, किमती अधूनमधून हलतात. बटणावर माउस नेला की त्या घडीचा आकडा दिसतो, तो बघूनच ठरवा.

इम्पीरिअल एजबद्दल थोडक्यात. इथे सैन्य चाळीस-पन्नासाच्या घरात गेलेलं असतं, म्हणून ‘घेऊ का?’ हा प्रश्न जवळजवळ मिटलेला असतो. उरतो तो क्रमाचा प्रश्न. ब्लास्ट फर्नेसने हल्ला एकदम २ ने वाढतो, प्लेट बार्डिंगने बाणाचं चिलखत २ ने. नाइटवाल्याने ३०० अन्न आणि ३०० सोन्यात कॅव्हेलिअर, मग ही दोन, असं जावं. पॅलाडिनला १३०० अन्न, ७५० सोनं आणि १७० सेकंद लागतात. त्या पैशांत पंधरा घोडेस्वार येतात. तेवढं सैन्य आधीच उभं असेल आणि आघाडी शांत असेल, तरच तिकडे वळा.

आणि सोनं संपायच्या आत लोहाराचं खातं पूर्ण करून टाका. लांबलेल्या सामन्यात खाणी रित्या होतात आणि दोन्ही बाजू बिनसोन्याच्या सैन्यावर येतात. हुसार, हॅल्बर्डिअर, स्कर्मिशर. त्या वेळी प्रत्येकाचे सैनिक सारखेच स्वस्त असतात. ज्याने शेवटच्या हजारभर सोन्यातून बाणांचं ब्रेसर, ब्लास्ट फर्नेस आणि चिलखतं उरकली, त्याचे सैनिक टिकतात. ज्याने ते सोनं आणखी दहा-बारा नाइटांवर उडवलं, त्याच्याकडे ते नाइटही उरत नाहीत आणि अपग्रेडही.

अपग्रेड न घेण्याचेही प्रसंग असतात. तीन स्काउट घेऊन नुसतं शत्रूला हैराण करायला निघाला असाल, तर अपग्रेड नको, त्या १५० अन्नात जवळजवळ दोन स्काउट आणखी काढा. लढाई हरून सैन्य संपलं असेल तर आधी माणसं उभी करा, लोहार नंतर. हातात चारच आर्चर असतील आणि समोर आर्चरच असतील, तर पाचवा आणि सहावा आर्चर आधी.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं तेव्हा त्याने मध्येच वही घेतली असावी, कारण पलीकडून पानं उलटल्याचा आवाज येत होता. परवा संध्याकाळी त्याचा मेसेज आला. कॉम्प्युटरविरुद्धचा सराव त्याने पॉज करून ठेवला होता. ‘मामा, त्याचे सात क्रॉसबो, बॉडकिन झालंय. माझे चार नाइट. स्केल बार्डिंग केलं तर एक नाइट मारायला त्याला २० ऐवजी २५ बाण लागतात. ब्लडलाइन्स केलं तर २४. पण ब्लडलाइन्सला वर १०० सोनं जास्त. बरोबर ना?’ मी उत्तर टाइप करत होतो तेवढ्यात दुसरा मेसेज आला. ‘स्केल बार्डिंग लावलं. ४५ सेकंद आहेत. नाइट टाउन सेंटरपाशी थांबवलेत.’